दहा पानं, तीन शेगड्या आणि एकच नवा पदार्थ

वाचकाचं पत्र

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते आणि घरून जेवणाच्या ऑर्डरी घेते. वालाचं बिरडं आणि भानोलं (बेसन-नारळाच्या वाटणात कोबी किंवा कोलंबी घालून भाजलेला पदार्थ) ही माझी ओळख. संक्रांतीनंतरच्या शनिवारी रात्री मला मनातली पंगत घालायची आहे. दहा जण, पैसे घ्यायचे नाहीत. सहा मासे खाणारे, तीन शाकाहारी, एक जैन मैत्रीण. काहीजण घोडबंदर रोडवरून येतील, दोघं नेरुळहून.

माझा एक जुना खेळ आहे: आजवरच्या कुणालाही जेवायला बोलावता आलं तर कुणाला बोलवाल? माझ्या यादीत 'मानसोल्लास' लिहिणारा राजा सोमेश्वर, लक्ष्मीबाई धुरंधर आणि स्पेनचे शेफ फेरान आद्रिया आहेत. त्यांना शोभेल असं काहीतरी करावं म्हणून मोबाइलमध्ये शेकडो फोटो साठवले, पण मेनू लिहायला बसलं की सगळं दुसऱ्याचं वाटतं. चौदा पदार्थ झालेत. त्यात तव्यावरून थेट पानात बाजरीच्या भाकऱ्या, आणि शेवटी सारण वेगळं, पारी वेगळी अशी 'डीकन्स्ट्रक्टेड' पुरणपोळी. स्वयंपाकघरात तीन बर्नर, एक ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) आणि मदतीला नवरा. कल्पना आणायच्या कुठून? आणि मेनूकार्ड छापू का?

— सुनेत्रा (नाव बदललं आहे), ठाणे

उत्तर

सुनेत्राताई, सगळ्यात आधी वार बदला. तुमच्या सहा मासे खाणाऱ्यांपैकी एकदोघं तरी शनिवार पाळणारे निघतील, आणि ते पानावर बसल्यावर कळण्यात मजा नाही. रविवार ठेवा. त्या दिवशी एकादशी किंवा संकष्टी येत नाही ना, तेवढं कॅलेंडरात बघून घ्या. मासळीही रविवारी सकाळी आणलेली रात्री शिजेल.

आता चौदा पदार्थ. ऑर्डरीचा स्वयंपाक डब्यात भरला की संपतो. पंगतीत तो दहा जणांसमोर एकाच वेळी गरम हवा असतो. तीन बर्नरवर एका वेळी तीनच भांडी राहतात आणि त्यातलं एक तवा असेल तर दोनच. त्यामुळे शेवटच्या अर्ध्या तासात शेगडी मागणारे पदार्थ तीनपेक्षा जास्त नकोत. बाकी सगळं आदल्या दिवशी झालेलं, ओव्हनमधलं किंवा थंड. या चाळणीतून तुमची यादी गाळली की पाच-सहा पदार्थ उरतात, आणि दहा माणसांना तेवढे पोटभर होतात.

फोटोंमुळे सगळं दुसऱ्याचं वाटतं, कारण फोटोत पदार्थाचं रूप असतं, त्यामागचं कारण नसतं. पिवळ्या रश्शावर हिरव्या तेलाचे थेंब का टाकले, हे फोटो सांगत नाही. ते थेंब तुमच्या आमटीवर टाकले की नुसती नक्कल होते. फोटो काढून टाका असं मात्र आम्ही म्हणणार नाही. एक दुपार काढा. प्रत्येक फोटोसाठी वहीत एकच ओळ लिहा, आणि त्या ओळीत पदार्थाचं नाव येऊ देऊ नका. 'वर कुरकुरीत, खाली ओलं.' 'गरमावर थंड.' 'पानात गुंडाळून समोर उघडलं.' पन्नासेक ओळी झाल्या की त्यांतल्या कितीतरी एकसारख्या निघतील. तुम्हाला मनापासून काय आवडतं ते त्या एकसारख्या ओळींत सापडेल. उरलेलं तेव्हाच्या फॅशनचं समजा.

तुमचा पाहुण्यांचा खेळ आम्हाला आवडला. त्याचा उपयोगही आहे, फक्त या मंडळींना शोभेल असं करायला जाऊ नका. प्रत्येकाला तुमच्या पानापुढे बसवा आणि तो काय विचारेल ते लिहा.

सोमेश्वर हा कल्याणीचा चालुक्य राजा, १२व्या शतकातला. त्याच्या ग्रंथातल्या 'अन्नभोग' या भागात मांडे, इडलीसारखी इडरिका, डोशासारखा धोसक असे पदार्थ येतात. वाटून, आंबवून, वाफवून, तळून एकाच डाळीची किती रूपं होतात हे तिथं दिसतं. हा पाहुणा विचारेल, 'या वालाचं तुम्ही अजून काय करता?'

लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक १९१०चं, पाठारे प्रभू स्वयंपाकाचं. मापं लिहून ठेवणाऱ्या त्या बाई तुमचा 'अंदाजाने मीठ' चालवून घेणार नाहीत.

आद्रियांचं 'एल बुली' हे रेस्टॉरंट स्पेनमधल्या कॅटलोनियात रोझेस या गावाजवळ होतं. ते वर्षातले जवळपास सहा महिने बंद ठेवून शेफमंडळी बार्सेलोनातल्या कार्यशाळेत नुसते प्रयोग करत. २०११च्या जुलैत ते कायमचं बंद झालं, तोवर १,८४६ पदार्थांची नोंद झाली होती. लोकांच्या लक्षात त्यांचे फेसाच्या आणि गोळ्यांच्या रूपातले पदार्थ राहिले. आमच्या मते तुम्ही घेण्यासारखी गोष्ट ती नोंद आहे. कोणता पदार्थ कधी केला आणि आधीच्या कोणत्या पदार्थावरून निघाला, हे लिहिलेलं असलं की पुढचा पदार्थ कुठून काढायचा ते शोधावं लागत नाही. ते विचारतील, 'यातलं नवं नेमकं काय?'

तिन्ही प्रश्न एकत्र ठेवले की उत्तर तुमच्या बिरड्यापाशीच येतं. बिरडं हा पदार्थ तुमचे हात झोपेतही करतील. नवं काही शोधायचं तर ते अशाच पदार्थातून शोधावं, कारण काय बिघडलं हे तिथं लगेच कळतं. मेनूत नवा पदार्थ एकच ठेवा. दोन झाले की दोन्हीकडे अर्धं लक्ष राहतं.

बिरड्याचे भाग सुटे करून पाहा: वालाचा किंचित कडूपणा, नारळाचा गोडवा, आमसुलाचं आंबट, गुळाचा खडा, हिंग. यातला एक भाग ऋतूप्रमाणे बदलता येतो, तो म्हणजे वाल. वर्षभर आपण सुके वाल भिजवून, मोड आणून, कोमट पाण्यात टाकून सोलतो. जानेवारीत मात्र ओल्या वालाच्या शेंगा बाजारात असतात, आणि रायगडकडे त्यांची पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डा या रानटी झुडपाचा पाला, त्यात शेंगा, ओवा, जाडं मीठ, तोंडाला पुन्हा पाला, मग मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. शेंगा स्वतःच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावर शिजतात. तोच दाणा बिरड्याच्या रसात आला तर? आमच्या मते तुमचा नवा पदार्थ हा आहे. याचे दोन्ही आईबाप इथलेच, आणि का केलं याचं उत्तर तुमच्याजवळ आहे.

सोसायटीच्या गच्चीत जाळ करू नका, सेक्रेटरी दारात येतील. मडकं थेट गॅसवर ठेवलं तर तडकण्याची भीती असते. आठ-दहा लिटरचं जाड बुडाचं पातेलं घ्या आणि खाली लोखंडी तवा ठेवा. शेंगा तीन किलो लागतील. दोन किलो सोलून बिरड्याला, एक किलो तशाच. या एक किलोचा उपयोग पुढे सांगतो. तळाला पाल्याचा इंचभर थर, त्यावर शेंगा, मध्ये मध्ये मिळून तीन चमचे जाडं मीठ आणि तीन चमचे ओवा, वर पुन्हा पाला. झाकणाची फट कणकेने बंद करा. पाच मिनिटं मोठी आच, मग मंद-मध्यम आचेवर अर्धा तास, मग गॅस बंद करून दहा मिनिटं तसंच. दाणा बोटांत दाबला की चिरडला पाहिजे, पण साल फुटलेली नसावी.

बिघडतं ते तीन प्रकारे. भीतीपोटी कपभर पाणी घातलं की उकडलेल्या शेंगा हातात येतात, पोपटीचा वास येत नाही. मध्येच झाकण उघडलं की वाफ जाते आणि वरच्या शेंगा कच्च्या राहतात. पातेलं पातळ असलं की खालचा पाला जळतो आणि त्याचा जळका कडूपणा दाण्यात उतरतो. वालाचा स्वतःचा कडूपणा हवा, पाल्याचा नको. पाल्यासाठी पनवेल-पेणकडच्या शेंगा विकणाऱ्या बाईला आठवडाभर आधी सांगून ठेवा. नाहीच मिळाला तर केळीचं पान लावा आणि ओवा थोडा वाढवा. पदार्थ चांगला होईल, फक्त त्याला पोपटी म्हणू नका.

रस साधा ठेवा. एका नारळाचं पहिलं घट्ट दूध, साधारण पेलाभर. चार लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या आणि चमचाभर जिरं यांचं बारीक वाटण. दोन चमचे तेलात हिंग-हळद, त्यावर वाटण मिनिटभर परतून आच अगदी मंद करा. मग दूध, पाच-सहा आमसुलं आणि सुपारीएवढा गूळ. वाफ दिसू लागली की उतरवा. उकळी आली तर आमसुलाच्या आंबटाने दूध फाटतं आणि वाटीत पांढऱ्या गुठळ्या तरंगतात. लहान वाटीत साठ-सत्तर ग्रॅम सोललेले दाणे, त्यावर दोन-तीन चमचे कोमट रस. कोथिंबीर नको, ती ओव्याच्या वासावर बसते. पंगतीच्या आधी एकदा दोन माणसांपुरतं करून बघा, मग दहा माणसांचं करा. फक्त मीठ पाचपट करू नका. मोठ्या भांड्यात पाणी त्या मानाने कमी आटतं, म्हणून साडेतीन-चारपटीवर थांबा आणि चव घ्या.

एक किलो अख्ख्या शेंगा मोठ्या परातीत पाल्यासकट टेबलाच्या मध्यभागी. रविवारी संध्याकाळी घोडबंदर रोडवरून आठला निघालेला माणूस कधी पोचेल ते देवच जाणे. आलेल्यांनी तोवर शेंगा सोलत, गप्पा मारत बसावं. हातात काम असलं की वेळेवर आलेले पाहुणे कंटाळत नाहीत, आणि तुम्हाला वेगळं स्टार्टर तळत उभं राहावं लागत नाही.

बाकीच्या पानात नवं काही नको.

भानोलं तुम्हाला कुणी शिकवायला नको, पण ओटीजीत दोन साचे करायचे म्हणून थोडं बोलू. शाकाहारी साचा आधी भाजा, कोलंबीचा नंतर. एकदम ठेवले तर कोलंबीचा वास कोबी-मटाराच्या साच्यात जातो, आणि शाकाहारी पाहुणे न बोलता तो तुकडा बाजूला सारतात. सुरी आणि तेलाचा ब्रशही वेगळा. सहा जणांच्या आठ इंची साच्याला सोललेली अर्धा किलो बारीक कोलंबी लागते, म्हणजे अख्खी साधारण एक किलो. कोबी तीनशे ग्रॅम, अगदी बारीक चिरलेला. बेसन दीड वाटी, अर्ध्या नारळाचं वाटण, तेल चार मोठे चमचे पोटात आणि दोन साच्याला. निखाऱ्यावरच्या भानोल्याला वरून-खालून धग लागायची, म्हणून ओटीजीचे दोन्ही रॉड चालू ठेवा. आधी दहा मिनिटं तापवून घ्या, मग १८० अंशावर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं. मीठ अगदी शेवटी, साच्यात ओतायच्या क्षणी घाला. मीठ घालून मिश्रण ठेवलं की कोबी पाणी सोडतो, आणि कडेने तांबूस झालेलं भानोलं मध्ये लापशी राहतं. बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावू नका. गरम कापलं तर तुकडे मोडतात.

कोलंबीसाठी चेंदणी कोळीवाड्यातल्या तुमच्या नेहमीच्या कोळणीला शुक्रवारीच सांगा. रविवारी सकाळी दहानंतर जाल तर निवडलेला माल संपलेला असतो. डोकं घट्ट चिकटलेलं, साल कडक, डोक्याशी काळेपणा नाही आणि वास समुद्राचा, अमोनियाचा नाही, एवढं बघा. घरी आणून लगेच सोला, पाठीतला काळा धागा काढा, मीठ-हळद लावून फ्रिजमध्ये ठेवा. आमची एक सूचना, वाटलं तर घ्या: तुमच्या पंगतीत एक जागा त्या कोळणीला द्या. कोणती कोलंबी कोणत्या महिन्यात गोड लागते हे तुमच्या साठवलेल्या फोटोंपेक्षा तिला जास्त ठाऊक आहे.

शाकाहाऱ्यांना 'तुमच्यासाठी पनीर केलंय' असं वाटू नये, म्हणून मधलं मोठं पातेलं सगळ्यांचं: भोगीची भाजी. संक्रांत नुकतीच गेलेली असेल, भाज्या उत्तम असतील. दहा जणांना सगळं मिळून दीड किलो पुरतं. वांगी पाव किलो, गाजर, बटाटा आणि वालपापडी प्रत्येकी दोनशे ग्रॅम, ओले हरभरे आणि मटार दीडशे-दीडशे, भिजवलेले शेंगदाणे शंभर, सात-आठ बोरं, उसाचे थोडे करवे. उरलेलं वजन तुमच्या घरी जे घालतात त्याचं. सगळं एकदम टाकलं की वांग्याचं भरीत होतं आणि शेंगदाणा कचकचतो. शेंगदाणे आणि हरभरे आधी दहा मिनिटं शिजवा, मग बटाटा-गाजर, मग पापडी-मटार, मग वांगी. बोरं आणि ऊस शेवटची पाच मिनिटं. चार मोठे चमचे भाजलेल्या तिळाचं कूट उतरवायच्या आधी घाला. लवकर घातलं तर रस दाटतो आणि कूट बुडाला लागतं.

तव्यावरून पानात भाकरी हा हट्ट सोडा. दहा माणसांच्या भाकऱ्या थापायच्या तर तुम्ही रात्रभर ओट्यापाशी, आणि मग ही पंगत तुमची कशी? जवळच्या पोळी-भाजी केंद्राला बारा-तेरा लहान भाकऱ्या संध्याकाळी सातला सांगा. कापडात गुंडाळून ठेवा आणि वाढताना तव्यावर वीस-वीस सेकंद टाका. एकच विचारून घ्या, पीठ कधी दळलंय? बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं, आणि तो कडूपणा तुमच्या वालावर ढकलला जाईल.

भात सातशे ग्रॅम कोलमचा, सोबत दोन लिटर सोलकढी. तीन नारळांचं दूध, पस्तीस-चाळीस आमसुलं दोन पेले कोमट पाण्यात तासभर भिजवून कुस्करलेली, आठ लसूण पाकळ्या, चार मिरच्या, मीठ. दूध आणि आगळ (आमसुलाचं ते पाणी) वेगवेगळ्या भांड्यांत फ्रिजमध्ये ठेवा. जेवायला बसायच्या अर्धा तास आधी एकत्र करा. सकाळीच कालवलेली कढी रात्री वर घट्ट, खाली पाणी अशी दिसते.

पुरणपोळी सुटी करायचा विचार सोडाच. पातळ पारी आणि पुरण एका घासात येतं यातच तिची सगळी गंमत. ते वेगळं केलं की पोळी जुळवायचं काम पाहुण्यावर पडतं. त्याजागी निनाव करा. तो ओव्हनचा पदार्थ आहे, आदल्या दिवशी होतो आणि दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो. वाटीभर कणीक आणि अर्धी वाटी बेसन अर्धी वाटी तुपात मंद आचेवर खमंग भाजा. दीड वाटी गूळ तीन वाट्या कोमट नारळाच्या दुधात विरघळवून गाळून घ्या. दूध उकळतं असताना गूळ टाकू नका. काही गूळ आंबटसर असतो, त्याने दूध नासतं. भाजलेलं पीठ गॅसवरून उतरवून त्यात दूध थोडं थोडं घाला, नाहीतर गाठी होतात. मग पुन्हा आचेवर, कडा सुटेपर्यंत हलवा. वेलची, जायफळ, तूप लावलेला साचा, १८० अंशावर अर्धा-पाऊण तास, वर तांबूस होईपर्यंत. गार झाल्याशिवाय वड्या पाडू नका.

नारळ एकूण सात लागतात. आठ आणा, एखादा खवट निघतोच.

जैन मैत्रिणीला आजच फोन करा. बटाटा, गाजर, लसूण नको हे तुम्हाला माहीत असेलच, पण वांगं आणि कोबीही अनेक घरांत चालत नाही, आणि आदल्या दिवशीचं गोड काहींना चालत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती सूर्यास्तानंतर जेवते का? जानेवारीच्या मध्याला ठाण्यात सव्वासहाच्या आसपास दिवस मावळतो, आणि तुमची पानं आठनंतर वाढली जाणार. जेवत नसेल तर तिला साडेपाचला बोलवा. कंदमुळं-वांगं वगळून भोगीची भाजी एका लहान कढईत आधी करा, सोबत भाकरी, आणि तिच्या वाटीतल्या बिरड्यात लसणाऐवजी हिंग जरा जास्त. पोपटीचं मोठं पातेलं साडेसहाला चढणार, म्हणून तिच्यापुरत्या शेंगा लहान पातेल्यात आधी शिजवा. भाकऱ्या सातला येणार, म्हणून तिच्यापुरत्या दोन तुम्ही थापा. नंतर ती गप्पांना बसेलच. बाकी सगळ्यांना कोलंबी आणि शेंगदाण्याची ॲलर्जी विचारायला विसरू नका.

वेळापत्रक असं बसतं. शुक्रवारी नारळ, गूळ, तीळ, कोळणीला आणि पोळी-भाजी केंद्राला निरोप. शनिवारी निनाव, तिळाचं कूट, भानोल्याचं वाटण, नारळ खवून डब्यात. रविवारी सकाळी आठला मासळी आणि शेंगा. स्टेशनपलीकडे जायचं असेल तर मेगाब्लॉकच्या गर्दीआधी परता. तीनला नारळाचं दूध, चारला जैन मैत्रिणीचं पान, पाचला शाकाहारी भानोलं, सहाला कोलंबीचं. साडेसहाला पोपटीचं पातेलं चढवा, सव्वासातपर्यंत ते उतरतं आणि बर्नर मोकळा होतो. नवऱ्याला दाणे सोलायला बसवा, ते काम एकट्याला अर्धा तास घेतं. साडेसातला भोगीची भाजी, पावणेआठला भात, आठला बिरड्याचा रस. सव्वाआठला भात उतरला की त्याच बर्नरवर तवा. शेगडीपाशी शेवटच्या अर्ध्या तासात तुम्ही एकट्याच हव्यात, दोघं असलात की मीठ दोनदा पडतं.

आता कल्पना कुठून आणायच्या, या पंगतीपुरतं नव्हे, कायमचं. बाजारात यादी न नेता जायची सवय लावा, आठवड्यातून एकदा पुरे. जांभळी नाक्याला चक्कर मारा, किंवा नेरुळच्या पाहुण्यांकडे जाल तेव्हा पहाटे वाशीच्या एपीएमसीत फळांच्या आणि मसाल्याच्या बाजारात. तिथं माल घाऊक असतो, किलो-दोन किलोसाठी जाऊ नका. कोणत्या आठवड्यात काय कुठून आलं तेवढं बघून लिहा. जूनच्या सुरुवातीला येऊरच्या पाड्यांवरच्या बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो, म्हणून सोबत काकडं ही आंबट रानफळं विकायला असतात आणि त्यांच्या आंबट रसात शेवळं शिजवतात. ही जोडी कुण्या शेफने बसवलेली नाही. असं कारण एकदा कळलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: काकडाचा आंबटपणा अजून कशात चालेल?

त्यावरून घरी करायचा एक प्रयोग. डाळीचं साधं पातळ वरण, मीठ-हिंगापलीकडे काही नाही, शंभर-शंभर मिलिलिटर पाच वाट्यांत. एकीत आमसूल, एकीत चिंच, एकीत कैरी, एकीत बिंबलं, एकीत ताक. आंबटपणा साधारण सारखा येईपर्यंत थोडं थोडं घाला आणि शेजारी शेजारी चाखा. चिंच गडद आणि जड लागेल, आमसुलाला फळाची चव असेल, ताक गोल आणि मऊ. प्रत्येकीपुढे लिहा, हे कोणत्या मासळीला, कोणत्या भाजीला शोभेल. ऋतूप्रमाणे वाट्या बदला, जूनमध्ये ताकाच्या जागी काकड. तासाभराच्या या खेळातून निघालेल्या जोड्या तुमच्या असतील, कुठल्या फोटोतून उचललेल्या नाहीत.

वहीत प्रत्येक प्रयोगापुढे तारीख, वजन, काय बिघडलं आणि कशावरून सुचलं हे चार रकाने ठेवा. फसलेले प्रयोग खोडू नका. सप्टेंबरात फसलेलं काही जानेवारीच्या शेंगांमुळे जमतं, पण ते लिहिलेलं असलं तरच आठवतं.

मेनूकार्ड छापू नका. छापलं की सातला पोचलेल्या भाकऱ्या जाड निघाल्या तरी बदल करता येत नाही, आणि पाहुणे पोटात कुठल्या पदार्थासाठी किती जागा ठेवायची याचा हिशोब करत बसतात. फार वाटलं तर पोपटीच्या परातीशेजारी एक चिठ्ठी ठेवा: शेंगा कुठल्या, पाला कुठला, आणि टरफलं टाकायला रिकामी परात कुठे आहे.